रिपोर्टमधले सात ‘नाही’

वाचकाचं पत्र

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. त्याला ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झाला. केमोथेरपीनंतर आजार आटोक्यात आला आहे, पण तो उलटू नये म्हणून डॉक्टरांनी स्टेम सेल (मूलपेशी) ट्रान्सप्लांट सुचवलं आहे. माझी आणि माझ्या मोठ्या बहिणीची, दोघींचीही एचएलए (पेशींवरच्या ओळखखुणांची) तपासणी त्याच्याशी पूर्ण जुळली. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. मग दोघींची ‘केआयआर’ नावाची आणखी एक तपासणी झाली. १६ जनुकांची यादी होती. ताईच्या रिपोर्टमध्ये जवळजवळ सगळीकडे ‘आहे’ असं लिहिलेलं. माझ्या रिपोर्टमध्ये ७ ओळींपुढे ‘नाही’, आणि शेवटी ‘एए’. ताईचा निकाल ‘बी’ प्रकारातला आहे, आणि बी डोनर चांगला असतो असं एका नातेवाइकांनी कुठेतरी वाचलं. तेव्हापासून ताईनंच द्यायचं असं घरात धरून चालले आहेत. तिला दोन मुलं आहेत. माझं लग्न होऊन दीड वर्ष झालं, आम्ही बाळाचा विचार करतो आहोत, आणि एए असलेल्या बायकांना गरोदरपणात रक्तदाबाचा त्रास होतो असंही मी वाचलं. रात्री झोप लागत नाही. माझ्यात ७ जनुकं कमी कशी? आई-बाबा तर तेच. माझी प्रतिकारशक्ती अर्धीच आहे का? मी माघार घेऊ का?

उत्तर

नमस्कार.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारणं मागून सांगतो. तुमची प्रतिकारशक्ती अर्धी नाही. एए हा आजार नाही, दोष नाही आणि उणीवही नाही. युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण तिघांत एक जण एए असतो. जपानमध्ये तर निम्म्याहून अधिक लोक एए आहेत, आणि जपानी माणसं जगात सर्वाधिक जगणाऱ्यांत मोडतात. तेव्हा माघार घेऊ नका. भावाला मूलपेशी कुणी द्यायच्या हे या सात ओळींवरून ठरत नाही, आणि नातेवाइकांच्या वाचनावरून तर मुळीच ठरू देऊ नका.

आता तुमची झोप उडवणारा तो कागद नीट वाचू या.

आपल्या रक्तातल्या लिंफोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशींपैकी साधारण ५ ते १५ टक्के पेशी ‘नॅचरल किलर’, म्हणजे एनके पेशी असतात. विषाणू शिरलेल्या किंवा कर्करोगाच्या वाटेला लागलेल्या पेशींना मारणं हे त्यांचं काम. प्रतिकारसंस्थेतल्या टी पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी आपापले रिसेप्टर, म्हणजे समोरच्या पेशीला चाचपणारी पृष्ठभागावरची प्रथिनं, जनुकांचे तुकडे जोडून आयुष्यभर नव्यानं घडवत राहतात. जनुकांची ही जोडणी उलगडल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ चं नोबेल मिळालं. एनके पेशींना ही मुभा नाही. त्यांचे रिसेप्टर आई-वडिलांकडून जसे आले तसेच वापरावे लागतात. केआयआर ही त्यांच्या अशाच एका रिसेप्टर-कुटुंबाची जनुकं, आणि माणसामाणसांत ती जितकी वेगळी असतात तितकी फार थोडी जनुकं असतात.

हे रिसेप्टर काय चाचपतात? समोरच्या पेशीच्या अंगावरचं एचएलए, म्हणजे तुमचं भावाशी जुळलं तेच. अनेक विषाणू आणि कर्कपेशी टी पेशींच्या नजरेला पडू नये म्हणून आपल्या अंगावरचं एचएलए उतरवून ठेवतात. स्वीडनच्या क्लास शेरे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये प्रयोगांतून दाखवलं की एनके पेशी नेमक्या अशाच पेशींवर तुटून पडतात. स्वतःची ओळख पटवणारी खूण जिथे हरवली आहे, तिथे हल्ला. घोडेस्वार लगामही धरतो आणि टाचही मारतो, तसे केआयआरचे दोन प्रकार असतात. काही रिसेप्टर एचएलए दिसलं की एनके पेशीला आवरतात, काही तिला पुढे रेटतात. जनुकाच्या नावात ‘एल’ असेल तर तो बहुतेक लगाम. ‘एस’ असेल तर टाच. तुमच्या रिपोर्टमध्ये २डीएल१, ३डीएल१, २डीएस४ अशी जी नावं आहेत, त्यांचा उलगडा एवढाच.

१९९७ मध्ये पीटर पॅरम यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेनं निरोगी माणसांची ही जनुकं तपासली तेव्हा सगळ्यांकडे सारखी जनुकं नाहीतच, असं आढळलं. पुढे हॅप्लोटाइपचे, म्हणजे एका पालकाकडून एकगठ्ठा येणाऱ्या संचांचे, दोन गट मानले गेले. ए संचात ठरलेली ७ जनुकं आणि २ निकामी झालेले अवशेष असतात, आणि त्यात भर लगामांवर असतो. बी संच अनेक प्रकारचे असतात आणि त्यांत टाच मारणारी जनुकं जास्त. तुम्हाला आईकडूनही ए आला आणि बाबांकडूनही ए आला, म्हणून तुम्ही एए. ताईला किमान एकाकडून बी आला. ‘आई-बाबा तर तेच’ असं तुम्ही लिहिलंत. पण दोघांकडेही प्रत्येकी दोन संच आहेत, आणि कुठल्या अपत्याला कुठला जाईल हे दर वेळी नव्यानं ठरतं.

आता त्या सात ‘नाही’कडे बघा. माझा या रिपोर्टच्या छपाईवर खरोखर राग आहे, कारण ती माणसाला घाबरवते. २डीएल२ पुढे ‘नाही’ आहे ना? पण २डीएल२ आणि २डीएल३ ही एकाच जागेवर बसणारी दोन रूपं आहेत. तुमच्याकडे दोन्ही गुणसूत्रांवर २डीएल३ आहे, म्हणून २डीएल२ ला जागाच नाही. ३डीएस१ आणि ३डीएल१ यांचंही तसंच. तुमच्याकडे ३डीएल१ दोनदा आहे. तक्ता मात्र ‘दोनदा आहे’ असं कधी लिहीत नाही. एका ओळीत ‘आहे’ आणि दुसऱ्या ओळीत ‘नाही’ लिहून मोकळा होतो. ताईच्या रिपोर्टमध्ये जवळजवळ सगळीकडे ‘आहे’ दिसतं, त्याचा अर्थ बहुधा तिच्याकडे एक ए आणि एक बी आहे, म्हणून दोन्ही रूपं नोंदली गेली. तिला दोन्हीकडून बी मिळाला असता, तर तिच्या रिपोर्टमध्येही ‘नाही’ असू शकले असते, फक्त वेगळ्या ओळींत.

उरलेल्या ‘नाही’पैकी बहुतेक टाच मारणारी जनुकं आहेत, हे खरं. ए संचात अशी एकच असते, २डीएस४, आणि तिच्यातलीही डीएनएची काही अक्षरं गळालेली रूपं इतकी सर्रास आढळतात की कित्येक एए माणसांच्या एनके पेशींवर तो रिसेप्टर उमटतच नाही. तरी ती माणसं ठणठणीत असतात, कारण एनके पेशी केआयआरवर एकट्या विसंबून नाहीत. एनकेजी२डी, एनकेपी४६, सीडी१६ हे त्यांना उठवणारे रिसेप्टर तुमच्यातही आहेत आणि ताईतही आहेत. ते या १६ ओळींच्या तपासणीत येत नाहीत, म्हणून कागदावर दिसत नाहीत, इतकंच.

तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात आलं असेलच: एचएलए तिघांचं सारखं, मग केआयआर वेगळं कसं? एचएलए जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत, केआयआर एकोणिसाव्या. दोन्ही स्वतंत्रपणे वाटली जातात. दोन भावंडांचं एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. दोन बहिणी आणि दोघीही भावाशी जुळणं ही सोळात एक अशी गोष्ट. तुमच्या घराला ते लाभलं आहे, आणि केआयआरच्या कागदाच्या गडबडीत ते विसरलं जातंय असं मला तुमचं पत्र वाचताना वाटलं. ज्यांच्या भावंडांपैकी कुणीच जुळत नाही अशा रुग्णांना नोंदणीतल्या अनोळखी डोनरची वाट बघावी लागते, आणि एचएलएची आजवर ३०,००० हून अधिक रूपं नोंदली गेलेली असताना ती वाट कधी कधी फार लांबते.

मग निसर्गानं सगळ्यांना सगळी जनुकं का दिली नाहीत? या प्रश्नावर मी थोडा रेंगाळणार आहे. ‘आपल्यात काहीतरी कमी आहे’ ही भावना घालवायला मला याहून चांगला उपाय माहीत नाही.

केआयआरची जनुकं एकोणिसाव्या गुणसूत्रावर एकापाठोपाठ एक, अगदी खेटून बसलेली आहेत. दोन जनुकांमधलं अंतर जेमतेम दोन हजार अक्षरांचं. शिवाय ती एकमेकांसारखी दिसतात. त्यामुळे बीजपेशी बनताना दोन गुणसूत्रांची अदलाबदल होते तेव्हा जोड्या चुकतात, एका बाजूला एखादं जनुक गळतं आणि दुसऱ्या बाजूला जास्तीचं येतं. अशी घडामोड नेहमीच चालू असते. पण घडलेलं सगळं टिकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे उपयोगी पडतं ते टिकतं. केआयआरच्या बाबतीत लक्षात घ्यावं असं हे, की ए आणि बी दोन्ही गट आजवर तपासलेल्या सगळ्या लोकसमूहांत सापडले आहेत. प्रमाण बदलतं, पण एकानं दुसऱ्याला हाकलून दिलंय असं कुठे दिसलेलं नाही.

दक्षिण अमेरिकेतल्या युक्पा लोकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हेनेझुएला आणि कोलंबियाच्या सीमेवरच्या डोंगरांतला हा छोटा समाज. अमेरिका खंडात पोहोचेपर्यंत आणि नंतरही त्यांच्या पूर्वजांची संख्या अनेकदा रोडावली, आणि संख्या रोडावली की जनुकांचं वैविध्यही गळतं. त्यांच्याकडे केआयआरचे अगदी मोजके हॅप्लोटाइप उरले आहेत. तरीही त्यांत ए आहे आणि बी पण आहे. इतकं सगळं हरवताना हे दोन्ही मात्र राहिले. माझ्या मते या विषयातला हा फार बोलका पुरावा आहे: समाजाला दोन्ही लागतात.

का लागतात, याचं उत्तर अर्धं रोगांत आहे आणि अर्धं गर्भाशयात.

रोगांचं घ्या. २००४ मध्ये सलीम खाकू आणि सहकाऱ्यांनी हिपटायटिस सी झालेल्या लोकांचा अभ्यास मांडला. ज्यांच्याकडे २डीएल३ दोनदा होतं आणि त्याला जुळणारं सी१ गटातलं एचएलए-सी (एचएलएचा एक प्रकार) देखील दोनदा होतं, त्यांच्यात विषाणू आपोआप निघून जाण्याचं प्रमाण जास्त दिसलं, विशेषतः लागण थोड्या विषाणूंतून झाली असेल तेव्हा. २डीएल३ चा लगाम हलका आहे. तो सुटायला वेळ लागत नाही, असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. तुमच्या सात ‘नाही’मधला पहिला ‘नाही’ म्हणजे हेच दुहेरी २डीएल३. उलट २००२ मध्ये एचआयव्हीच्या रुग्णांत वेगळं चित्र दिसलं होतं. तिथे ३डीएस१, म्हणजे बी गटातलं जनुक, ठरावीक एचएलए-बी सोबत असेल तर आजार सावकाश पुढे सरकत होता. एका विषाणूपुढे तुमचा संच बरा, दुसऱ्यापुढे तुमच्या बहिणीचा. कुठला विषाणू कधी येईल हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि सगळेच एकाच छापाचे असते तर त्या छापाची फट ज्या विषाणूला सापडली तो सगळ्यांनाच गाठू शकला असता. ज्या समाजात दोन्ही प्रकारची माणसं आहेत तिथे काही जण तग धरतात. तुमच्या घरातच हे वैविध्य आहे.

आता दुसरं अर्ध, आणि तुमची दुसरी काळजी.

गरोदरपणाच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या अस्तरात ज्या रोगप्रतिकारक पेशी जमतात त्यांतल्या बहुसंख्य एनके पेशी असतात. तिथे त्या कुणाला मारत नाहीत. वारेच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचून त्या रुंद करतात, आणि एनके पेशी त्या कामाला साथ देतात. वारेच्या पेशींवर एचएलए-सी असतं, त्यातलं निम्मं वडिलांकडून आलेलं. एचएलए-सीचे दोन गट आहेत, सी१ आणि सी२. आई एए असेल आणि बाळाकडे वडिलांकडून सी२ आलं असेल, तर आईच्या २डीएल१ चा लगाम जोरात ओढला जातो, रक्तवाहिन्या पुरेशा रुंद होत नाहीत आणि प्रीएक्लॅम्पसियाची, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढण्याच्या आजाराची, शक्यता काहीशी वाढते. केंब्रिजच्या ॲशली मॉफेट यांच्या गटानं हे २००४ मध्ये दाखवलं. तुम्ही जे वाचलंत त्याचं मूळ इथे आहे, आणि ते खोटं नाही.

पण त्याचं वजन समजून घ्या. प्रीएक्लॅम्पसिया मुळात १०० गरोदरपणांत साधारण २ ते ८ मध्ये होतो. एए आई आणि सी२ बाळ अशी जोडी असली तरी बहुतेकींचं गरोदरपण सुरळीत पार पडतं. निम्म्याहून अधिक लोक एए असलेल्या देशातही माणसं पिढ्यान्‌पिढ्या जन्माला येतच आहेत. दुसऱ्या टोकालाही धोका आहे: आईकडे २डीएस१ सारखी टाच असेल आणि बाळाकडे सी२ असेल, तर बाळाचं वजन जास्त असण्याकडे कल दिसतो, आणि फार मोठं बाळ म्हणजे अवघड बाळंतपण. प्रगत वैद्यक यायच्या आधी दोन्ही टोकांनी बायकांचे जीव जात होते. म्हणूनच निवड दोन्ही बाजूंनी झाली आणि दोन्ही संच राहिले. रोगांशी झुंजण्यात ए संचाचा फायदा, बाळंतपणात बी संचाचा, अशी पॅरम आणि मॉफेट यांची मांडणी आहे. ती मला पटते, कारण ती निरनिराळ्या समाजांत तपासून बघता येते. दक्षिण आफ्रिकेतल्या खोईसान लोकांत २०१५ मध्ये २डीएल१ ची अशी रूपं सापडली की ज्यांची सी२ वरची पकड सुटली आहे. सी२ जिथे खूप आहे तिथे निसर्गानं तो लगामच ढिला केला.

तुम्ही यातून काय करायचं? बाळाचा विचार पुढे ढकलायचं कारण हा रिपोर्ट देत नाही. नवऱ्याचं एचएलए-सी तपासून घेण्याच्या भानगडीत पडू नका. आलेल्या निकालावर कुणी काही करू शकणार नाही आणि तुम्ही नऊ महिने धास्तीत काढाल. प्रीएक्लॅम्पसियाचा धोका ठरवताना डॉक्टर आधीचा रक्तदाब, मूत्रपिंडाचे आजार, मधुमेह, वय, वजन, जुळं बाळ, आई किंवा बहिणीचा इतिहास हे बघतात. गरज वाटली तर ते कमी मात्रेची ॲस्पिरिन सुरू करतात. ती आपल्या मनानं घेऊ नका. ताईच्या दोन्ही खेपांना रक्तदाबाचा त्रास झाला होता का, हे मात्र तिला आजच विचारून ठेवा. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना या रिपोर्टपेक्षा त्या उत्तराचा जास्त उपयोग होईल. आणि प्रत्येक तपासणीला रक्तदाब मोजला जातोय ना, याकडे लक्ष ठेवा.

आता भावाकडे वळतो.

ट्रान्सप्लांटनंतर नव्या रक्तात सगळ्यांत आधी सावरणाऱ्या लिंफोसाइट पेशी म्हणजे एनके पेशी, आणि त्या डोनरच्या असतात. त्या भावाच्या शरीरात उरलेल्या ल्युकेमियाच्या पेशी टिपतील, अशी आशा असते. म्हणून डोनरचं केआयआर बघायची पद्धत आली. २००९ आणि २०१० मध्ये मिनेसोटाच्या संशोधकांनी अनोळखी डोनरांकडून मूलपेशी मिळालेल्या रुग्णांचा अभ्यास केला. मायलॉइड ल्युकेमियात बी गटातली जनुकं जास्त असलेला डोनर असेल तर आजार उलटण्याचं प्रमाण कमी दिसलं. तुमच्या नातेवाइकांनी वाचलं ते बहुधा हेच. पण तो अभ्यास अनोळखी डोनरांचा होता, आणि पुढे इतर ठिकाणच्या रुग्णांवर केआयआर पाहून डोनर निवडण्याचे निरनिराळे निकष लावून पाहिले तेव्हा निकाल एकसारखे आले नाहीत. अर्धवट जुळणाऱ्या डोनरांबद्दलचे जे लेख दिसतात ते तर तुम्हाला लागूच होत नाहीत. तिथे डोनर आणि रुग्णाच्या एचएलएमधला फरक महत्त्वाचा असतो, आणि तुमच्यात तसा फरकच नाही.

पूर्ण जुळणारी दोन भावंडं समोर असताना डॉक्टर आणखी बऱ्याच गोष्टी बघतात: डोनरचं वय, तब्येत, रक्तगट, सीएमव्ही नावाच्या विषाणूची पूर्वी लागण झाली आहे का. आणखी एक मोठी बाब तुमच्या घरच्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. स्त्री गरोदर राहते तेव्हा तिच्या प्रतिकारसंस्थेची बाळाच्या पेशींशी गाठ पडते. बाळ मुलगा असेल तर पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरून बनणारी प्रथिनंही तिच्या टी पेशींना ओळखीची होऊ शकतात. अशा स्त्रीच्या पेशी पुरुषाला दिल्या, तर त्या पेशी त्याच्याच अवयवांवर उलटण्याचा, म्हणजे जीव्हीएचडीचा, आणि विशेषतः तो दीर्घकाळ रेंगाळण्याचा धोका वाढतो. वर्षानुवर्षांच्या नोंदींतून हे पुन्हा पुन्हा दिसलेलं आहे. ताईला दोन मुलं आहेत, तुम्ही अजून गरोदर राहिलेल्या नाही, आणि घेणारा भाऊ आहे. डॉक्टर या बाबीला केआयआरपेक्षा जास्त वजन देऊ शकतात. ज्या रिपोर्टमुळे तुम्हाला बाजूला सारलं जातंय, तो बाजूला ठेवला तर कदाचित पसंती तुम्हालाच मिळेल. ताईनं देऊ नये असं मी म्हणत नाही. ते ट्रान्सप्लांट करणारे डॉक्टर सगळं समोर ठेवून ठरवतील. तुमचं नाव मात्र यादीतून घरच्या घरी खोडलं जाऊ नये.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारा: आम्हा दोघींपैकी निवड करताना तुम्ही काय काय बघणार, आणि त्यात केआयआरचं स्थान कितवं? मूलपेशी रक्तातून घेणार की मॅरोमधून (हाडांतल्या मज्जेतून)? जी निवडली जाईल तिची काही अडचण आली तर दुसरीला तयार ठेवणार का? ताईला सोबत न्या. तिच्यावर हे सगळं गृहीत धरून टाकलं गेलंय. दोन मुलं सांभाळून तिला हे झेपणार आहे का, हे तिला कुणी विचारलंय का, ते तुमच्या पत्रात नाही. तुम्ही विचारा. तिचीही झोप उडालेली असू शकते.

दान करणं तुमच्या अंगावर कितपत येईल, हेही सांगून ठेवतो. रक्तातून मूलपेशी घ्यायच्या असतील तर ४-५ दिवस जी-सीएसएफ या, मूलपेशी मॅरोतून रक्तात आणणाऱ्या औषधाची इंजेक्शनं देतात. त्यानं हाडं आणि कंबर दुखते, डोकं दुखतं, कधी कणकण वाटते; इंजेक्शनं थांबली की काही दिवसांत ओसरतं. मग काही तास यंत्राला जोडून रक्तातल्या पेशी वेगळ्या करतात, कधी दुसऱ्या दिवशीही बसावं लागतं. मॅरो घ्यायचा असेल तर भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात, आणि तो भाग आठवडा-दोन आठवडे दुखरा राहतो. दिलेल्या पेशी शरीर भरून काढतं. तुमच्या एनके पेशी, तुमची जनुकं, पुढे बाळ होण्याची क्षमता यांत यामुळे काही कमी होत नाही.

पण गरोदरपणात हे दान करता येत नाही, आणि इंजेक्शनांच्या काळात गर्भधारणा टाळावी लागते. म्हणून बाळासाठी प्रयत्न सुरू आहेत की सुरू करणार आहात, हे संकोच न करता ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. भावाच्या उपचारांची तारीख आजाराच्या स्थितीवर ठरते आणि ती फार हलवता येत नाही. तुमची निवड झाली तर दान होईपर्यंत थांबावं लागेल, आणि त्यानंतर किती दिवसांनी प्रयत्न सुरू करायचे हेही त्यांनाच विचारून घ्या. नवऱ्यालाही त्या भेटीला बरोबर न्या, म्हणजे तारखा दोघांच्या कानावर एकदमच पडतील.